हाड भरून येईपर्यंत

वरळीच्या बीडीडी चाळीत अपूर्वाच्या चालण्याची जरा दहशतच होती. जिन्यावर तिच्या चपला वाजायला लागल्या की गॅलरीत क्रिकेट खेळणारी पोरं मुकाट्याने स्टंप बाजूला घेत. लोअर परळच्या कुरियर ऑफिसात ती रोज चालत जायची. नवऱ्याने, सम्यकने, बाइकवर सोडतो म्हटलं तर, तुझी बाइक सिग्नलला थांबते, मी थांबत नाही, असं ऐकवायची. दिवस गेले तरी तिचा वेग तोच होता. आठव्या महिन्यात मात्र डाव्या जांघेत असं काही दुखायला लागलं की पाऊल टेकवताच डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आता चाळीत गरोदर बाईचं दुखणं हे तिचं एकटीचं कधीच नसतं. गॅलरीतल्या प्रत्येकीकडे त्यावर स्वतःचा अनुभव तयार होता. कुणी म्हणे बाळाचं वजन, कुणी म्हणे वात. सासूबाईंचा, म्हणजे बकुळाबाईंचा, उपाय तर ठरलेला: उकिडवं बसून लादी पुसायची. त्यांच्या सासूने त्यांच्याकडून पुसून घेतली होती, त्यांनी लेकीकडून, आणि सगळ्यांची बाळंतपणं म्हणे हसतखेळत झाली. अपूर्वा रोज सकाळी दातओठ खाऊन खोली पुसायची. दुखतंय म्हणजे लागू पडतंय, असं बकुळाबाई समजवायच्या. बाई वाईट नव्हती. सुनेवर तिची मनापासून माया होती, आणि म्हणूनच तिला नाही म्हणायला अपूर्वाची जीभ रेटत नव्हती.

एके दिवशी पुसता पुसता ती बसली ती उठेचना. सम्यकने आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. इस्पितळात एमआरआय झाला आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथे ते विरळ झालं होतं. गरोदरपणात क्वचित एखादीला असं होतं, का होतं ते कुणालाच नीटसं ठाऊक नाही. हाड आपलं आपण भरून येतं, पण महिने लागतात. तोवर त्या पायावर जराही भार द्यायचा नाही, दिला तर मोडेल. बकुळाबाईंनी भीत भीत विचारलं, "आणि लादी?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरची लादी बकुळाबाई स्वतः पुसायला लागल्या, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

पायावर ताण नको म्हणून ऑपरेशन करून बाळंतपण झालं. मुलगी झाली. खरं दुखणं सुरू झालं ते त्यानंतर. चालायचं तर दोन्ही हातांत कुबड्या हव्यात, आणि कुबड्या धरलेल्या बाईला लेकरू उचलता येत नाही. मांडीवर कुणी आणून दिलं तर पाजायचं, पोट भरलं की कुणीतरी उचलून न्यायचं. पोरगी या हातातून त्या हातात गॅलरीभर फिरायची. शेजारच्या कमलमावशी, मूळच्या मालवणकडच्या, "गे बाय माझ्या" म्हणत तिला दारोदार मिरवायच्या. ती पहिल्यांदा खळखळून हसली तीही कमलमावशींच्या खोलीत. भिंतीपलीकडून ते हसू ऐकून अपूर्वा उशीत तोंड खुपसून रडली. आपली पोर आपल्याला कडेवर घेणारी आई म्हणून कधी ओळखणारच नाही, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

त्यांच्या इमारतीत एक रीत होती. नामकरणाला आई बाळाला स्वतःच्या हातांनी उचलून मागच्या बुद्धविहारात नेते, आणि त्रिसरण-पंचशील झालं की तिथेच नाव ठेवतात. अपूर्वाने सांगून टाकलं, की मी नेईन तेव्हाच नाव ठेवायचं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पाळण्यात झोपणारी पोर आता पालथी पडू लागली, रांगायचं मनावर घेऊ लागली, तरी बिननावाचीच. शेवटी सासरे शामराव, जन्मभर गिरणीत राबलेला मितभाषी माणूस, म्हणाले, "नाव कुठं पळून जातंय? थांबू आपण."

थांबणं म्हणजे काय ते अपूर्वाला त्या महिन्यांत कळलं. करण्यासारखं काहीच नव्हतं. रागावून बघितलं, रडून बघितलं, आत काय चाललंय ते काही समजेना. हळूहळू ठणका उतरला, आणि ती तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारी लावली. पहिल्यात खुब्यापाशी पांढुरका ढग होता. दुसऱ्यात तो नव्हताच, तिथे स्वच्छ, अखंड हाड होतं.

"तुम्ही काय केलंत?" अपूर्वाने विचारलं.

"काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलाही दर वेळी नवल वाटतं."

अपूर्वा किती तरी वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. आपण झोपलो होतो, कुढत होतो, पोरीला पाजत होतो, आणि तेव्हा हे आत कुणाला न विचारता, कणाकणाने स्वतःला पुन्हा बांधत होतं. ज्या शरीराला ती इतके दिवस शिव्या देत होती, त्याच्यासमोर तिला लहान झाल्यासारखं वाटलं.

कुबड्या सुटल्या, पायात जोर आला, आणि मग नामकरणाचा दिवस ठरला. पांढऱ्या साडीत अपूर्वाने पोरीला कडेवर घेतलं. पोर चांगली जड झाली होती. जिन्याच्या तोंडाशी अपूर्वाचा धीर खचला, कठड्यावरचा हात सुटेना. बकुळाबाई पटकन तिच्यापुढे एक पायरी खाली उतरल्या आणि हात पसरून उलट्या उतरू लागल्या. शिवल्या मात्र नाहीत. गॅलऱ्यांत माणसं हातातली कामं टाकून उभी होती. अपूर्वाने डावा पाय टेकवला, सगळा भार त्याच्यावर दिला. हाडाने तो घेतला.

तळमजल्यावर पोहोचल्यावर बकुळाबाईंनी पुढे होऊन सुनेच्या खुब्यावर तळवा ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते. "पोरी, मी मोडलंच असतं गं हे," त्या म्हणाल्या. अपूर्वाने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने सासूचा हात धरून ती विहाराकडे चालू लागली. बकुळाबाईंना तिच्या पावलाशी पाऊल जुळवताना धाप लागली.