घरच्या नंबराचा रकाना

"तुमच्या मिसेसना जरा ट्रेनिंग द्या."

साहेब हे वर्ध्याच्या ऑफिसात म्हणाले. भर मीटिंगमध्ये, बारा माणसांसमोर. मग नाकातून आवाज काढून माझ्या बायकोच्या फोनवरच्या बोलण्याची नक्कल केली. "ते जेवून राह्यले जी. जेवन झालं का सांगतो त्यायले."

बारा माणसं हसली. मीही हसलो.

ते हसू अजून घशात आहे.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. सोयाबीनचं तेल काढणारी कंपनी. तिच्यासाठी मी आर्वीच्या मार्केटात माल घ्यायचो. याच मार्केटात माझा बाप हमाल होता. मी झाडलोटीपासून सुरुवात केली. दाणा दाताखाली फोडून ओल सांगायला मला कोणी शिकवलं नाही. भाव करताना शेतकरी मला शिव्या घालत. मीही घाली. पण एकदा बोललो की बदलत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

कंपनीने माझ्या घरी फोन बसवला. गल्लीतला पहिला. मी पेढे वाटले, मूर्खासारखे. त्या दिवसापासून घर कंपनीचं झालं. अंघोळीला बसलो की फोन, जेवायला बसलो की फोन. रविवारी साहेबांच्या मिसेसचा. बोर धरणावर पाहुणे येताहेत, तुमच्या बायकोला स्वयंपाक करून पाठवायला सांगा. "कंपनी म्हणजे फॅमिली," साहेब म्हणायचे. त्या फॅमिलीसाठी माझी बायको पोळ्या लाटायची. तिचं नाव कोणी कधी विचारलं नाही.

मीटिंगहून घरी आलो आणि ओरडलो. साहेबावर नाही, तिच्यावर.

"नीट बोलता येत नाई काय तुले? 'होल्ड करा सर' म्हनत जा!"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा साहेब. तुमीच उचला."

दुसऱ्या दिवसापासून तिने फोनला हात लावला नाही. मग मी पोरीला शिकवलं. दुसरीत होती. दुसऱ्या घंटीला उचलायचा. 'येस सर' म्हणायचं. लाईन अडवून ठेवायची नाही.

दिवाळीच्या आधी फोन वाजला. मी दारात बूट घालत होतो.

"येस सर. कोन? आबाजी, लाईन नोका अडवू. साहेबाचा फोन येनार हाय."

आणि ठेवून दिला. शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

पलीकडे माझा बाप होता. दिवाळीला येतो म्हणून सांगायला गावी, हिंगणीच्या पब्लिक फोनवर रांगेत उभा राहिला असेल. पोरीच्या तोंडून मीच बोललो होतो. मला माझीच किळस आली.

रविवारी त्याला आणायला हिंगणीला गेलो. तो ओट्यावर बसला होता. उठला नाही.

"तुह्या घरात साहेब राह्यते. मी कायले येऊ?"

दिवाळीला तो आला नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मार्केट सोयाबीनने भरलं होतं. प्लांट रिकामा, म्हणून साहेब स्वतः आर्वीला आले होते. खोटं कशाला बोलू, तो दिवस मी निवडूनच घेतला होता. घरचा फोन वायरीसकट काढला, पेपरात गुंडाळला, मार्केटातल्या ऑफिसात त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुमचा फोन. सहानंतर आणि रविवारी मी कंपनीचा नाही. आणि माझ्या बायकोची माफी मागा. त्याच बारा माणसांसमोर."

"वेड लागलं का तुम्हाला? हर्राशी सुरू होतेय!"

"होऊ द्या."

बाहेर बोली सुरू झाली. पहिला ढीग दुसऱ्या व्यापाऱ्याने नेला. दुसराही.

"अहो, इन्क्रिमेंटचं बघतो ना मी. उठा आता."

"भाव बोलून झाला साहेब. मी बदलत नाही."

तिसरा ढीग गेला. साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बरं, फोन राहू द्या इथे. सहानंतर कोणी बोलावणार नाही. झालं?"

"माफी?"

"मीटिंगमध्ये बघतो. आधी माल घ्या."

मी बोलीत उतरलो. चुकलो तो इथे. जन्मभर माल हातात पडल्याशिवाय कोणाला पैसा दिला नाही, आणि त्या दिवशी माफीच्या आधी माल देऊन बसलो. प्लांट भरला. हंगाम संपला. मीटिंग झाली. साहेब सगळ्यांशी बोलले, माझ्याकडे पाहिलंही नाही. आठवड्यात बदलीचा कागद आला. समुद्रपूर, जिल्ह्याचं दुसरं टोक.

साहेबांचा हिशेब सरळ होता. घर हवं होतं ना याला? मग घरापासूनच तोडा.

खोली घेऊन एकटा राहिलो. शनिवारी संध्याकाळी एस.टी. धरायची, सोमवारी पहाटे परत. पण रविवार माझा होता. पूर्ण.

आता खिशात मोबाईल आहे. सहाला ऑफिसच्या फाटकात उभा राहून, सगळ्यांच्या देखत तो बंद करतो. दर वर्षी कंपनीचा फॉर्म येतो. त्यात घरच्या फोन नंबराचा रकाना असतो. मी तिथे आडवी रेघ ओढतो, कागद फाटेल अशी. नवा साहेब विचारतो, "अहो, घरी फोन नाही का?"

"आहे," मी सांगतो. "घरच्यांसाठी."

माफी अजून बाकी आहे. मी ती सोडलेली नाही. ती मिळेपर्यंत रकान्यात रेघच राहील. मिळाल्यावरही रेघच.