मामांच्या नंबरावर गेलेला ओटीपी

पडताळणीची मुदत त्या दिवशी संध्याकाळी संपत होती. ती झाली नाही तर मामीचं नाव निराधार योजनेच्या यादीतून निघणार होतं. ती सकाळीच नेऱ्याहून पनवेलला आली होती. सेतू केंद्रात आमचा क्रमांक लागला तेव्हा चार वाजून गेले होते.

केंद्रातल्या बाईंनी आधार क्रमांक टाकला. "ओटीपी गेलाय. सांगा."

आधारला मामांचा मोबाइल जोडलेला होता. मामा गेल्यावर तो नंबर बंद पडला आणि कंपनीने दुसऱ्या कोणाला तरी दिला. मामीला नवा नंबर जोडता आला असता, पण एका दिवसात नाही.

मी मामांचा नंबर लावला. घंटी वाजण्याआधी नेहमीची सूचना ऐकू आली: ओटीपी कोणालाही सांगू नका.

उचलणारा करंजा बंदरातला मच्छीमार निघाला. मागे बोटीचं इंजिन चालू होतं. मी सगळं सांगितलं.

"नाय सांगनार," तो म्हणाला. "मागच्या महिन्यात एकाला सांगितला. तो पन हेच बोलला, म्हातारी बाजूला बसलीय. बायको अजून टोमणे मारते."

मामीने फोन ओढून घेतला. "अरे बाबा, तीच म्हातारी बोलतेय. आवाज बाईचा हाय ना?"

तो हसला. "या नंबरावर मामा हायेत का, असं लोक अजून इचारतात, आजी. मीच सांगतो, नाय ते." मग त्याने सहा आकडे वाचून दाखवले.

पान उघडलं. नाव मामीचं, फोटो मामीचा. पत्ता रोडपालीतल्या एका फ्लॅटचा.

"मी तिथं कधी गेले पण नाय," मामी म्हणाली.

"मागच्या महिन्यात बदललाय, याच नंबरावरच्या ओटीपीने," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मला इथून दुरुस्त करता येत नाही."

खाली एक चौकट होती: वरील माहिती बरोबर आहे. तिथे खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता.

"खूण केली तर?" मी विचारलं.

"नाव राहील. पण पत्ता तुम्हीच मान्य केला, असं होईल."

"त्या घरात कोण राहतं?" मामीने विचारलं. बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

"कर खूण, ताई," मामी शेवटी बाईंना म्हणाली.

पोचपावती छापून आली. तिच्यावर रोडपालीचाच पत्ता होता.

"आता माझं योजनेचं पत्र तिकडंच जानार?"

"हो, आजी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.