हिलालनं फेडलेला नवस

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात हिलाल रसायनशास्त्राच्या लॅबचा शिपाई होता. मी तिथलीच टायपिस्ट, मला तो अक्का म्हणायचा. माणूस देवभोळा, इतका की राग यायचा. त्याच्या एकुलत्या पोरीला, सुगंधाला, सिकलसेलचा, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की कुणी हाडं मुसळानं कुटतंय अशी ओरडायची. डॉक्टर सलाइन लावून दुखणं दाबायचे, आजार तिथंच. हिलाल एकवीरा देवीला नवस बोलला होता: औषध सापडू दे, तुला लुगडं-चोळी नेसवीन, भाऊबंदांना जेवण घालीन.

चौऱ्याण्णव साली लॅबमध्ये कॉम्प्युटर आला. देवरे सर दिवसभर त्याला चिकटलेले. औषधाचा रेणू आधी पडद्यावर तयार करायचा, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये कुठं बसतो याचं गणित मशीनकडून करून घ्यायचं, असलं नवं शास्त्र ते पुण्याहून शिकून आले होते. एक दिवस ओरडलेच, "हिलाल, ये इकडे! बसला बघ! हेच तुझ्या पोरीचं औषध!" पडद्यावर नुसता रंगीत मण्यांचा गुंता. अहो, एवढा शिकलेला माणूस, जीभ जरा आवरायची की!

हिलाल धावत माझ्याकडे. "अक्का, सापडनं! मनी पोर वाची गयी!" त्याच आठवड्यात त्यानं नवस फेडला. त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं, पुरण वाटलं. आम्ही सगळे पोटभर जेवून आलो, सरसुद्धा.

मग तो सरांकडे गोळी मागायला गेला. सर चपापले. अरे, हे नुसतं गणित. आता ते बनवायचं, उंदरांवर बघायचं, मग माणसांवर. दहा-बारा वर्षं तरी जातील. हिलाल लॅब झाडायला लागला.

पोळ्याच्या सुमारास सुगंधाला दवाखान्यात ठेवावं लागलं. यशोदाबाई हिलालचे पाय धरून म्हणाली, देवीला परत साकडं घाला. तो हलेना. म्हणाला, फेडलेला नवस पुन्हा बोलत नाहीत. काम झालं असं आपणच देवीला सांगून आलेलो असतो. मी चिडून म्हटलं, "मेल्या, देवी काय कोर्ट आहे का?" शेवटी कधी देवळाची पायरी न चढलेले देवरे सर म्हणाले, "हिलाल, जा रे बाबा. माग तिच्याकडे. ती समजून घेईल."

"काय सांगू, सर? तुम्हनं मशीन खोटं बोलनं, आसं सांगू का देवीले?"

हिलाल काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुगंधा गेली.

यशोदाबाईनं सरांना एका शब्दानं बोल लावला नाही. नवऱ्याशी मात्र ती आजतागायत बोलत नाही.