बकऱ्यांचा अडूसा

सांगानेरमधल्या, कापडावर ठशांनी छापकाम करणाऱ्या घरांत खोकल्यावर कोणत्या वनस्पती वापरतात ते विचारायचं आणि त्यावरून लोकांना वाटायला एक पत्रक करायचं, असा आमच्या विद्यापीठातला प्रकल्प होता. विचारायला मी गेले. सगळा उन्हाळा बसनं. अनोळखी माणसांशी बोलताना मला घाम फुटतो, पण तिथल्या बायका रंगाचे हात पुसून मला बसवून घ्यायच्या आणि मी ऐकायचे. आमचा सीनियर, ज्याला सगळे भैया म्हणत, एकदाही आला नाही.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तालमीत पडद्यावर नावं आली. आमच्या मार्गदर्शक सरांचं आणि भैयाचं.

"भैया, माझं नाव?"

"अरे मॅडमजी, आप तो स्टेज पे बोलोगी नहीं. और किया क्या है? घूम-घूम के पूछा ही तो है."

बाकीचे हसले. सर चहा पीत राहिले.

पुढच्या स्लाइडवर अडूसा होता, बायकांनी सगळ्यात जास्त सांगितलेला. आई त्याला अडुळसा म्हणते. पांढऱ्या फुलांचं झुडूप. पण फोटोत उंचच उंच झाड. इकडच्या हिंदी मुलखातल्या काही गावांत त्यालाही अडूसाच म्हणतात. मराठीत तो महारुख. भैयानं कुणाला न विचारता आपल्या गावचं झाड लावलं होतं.

"फोटो ठीक है सब?" सरांनी विचारलं.

मी बाटली उघडून पाणी प्यायले.

घरी आई म्हणाली, "गप्प गप्प का गं?"

"कुठे काय." खरं तर मी खूप दिवसांनी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे प्राध्यापकही आले होते. प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा मी उभी राहिले. आवाज कापत होता. कापू दे, म्हटलं.

"भैया, पत्ते इसी पेड़ के उबालने हैं?"

"हां जी, इसी के."

"पर्चे में भी यही छपेगा?"

"बिल्कुल!"

हे मला त्याच्याच तोंडून हवं होतं.

"सांगानेर में जो उबालते हैं, वो झाड़ी है. ये तो भैया, बकरियों का चारा है."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, सांगानेरला गेलं कोण होतं? भैयानं सरांकडे पाहिलं, सरांनी टेबलाकडे.

"मी," मी म्हटलं. चुकून मराठीतच.

नंतर सरांनी खोलीत बोलावलं. "बेटा, अकेले में बता देतीं. चलो, तीसरा नाम डाल देते हैं."

"पहला, सर."

झुडपाचे फुलांसकट फोटो फक्त माझ्याकडे होते आणि पत्रक छपाईला जायचं होतं. सरांनी भैयालाच टाईप करायला बसवलं. त्यानं माझ्या आडनावात ल लिहिला.

"ल नाही, ळ."

तो कीबोर्डवर ळ शोधू लागला. कुठे असतो ते मला माहीत होतं. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि त्याला शोधू दिलं.