अंगाईला लागलेला ठसका

धुळ्याच्या देवपुरात माझं कूलरचं दुकान आहे आणि माझी बायको जपानीत गाते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं. सुनंदा शाळेत संगीत शिकवते. कॉलनीतल्या बायकांना जमवून तिने एक गायनमंडळ काढलं. आधी भजनं झाली, मग देशभक्तीची गाणी झाली आणि मग एकदम जपान! मधे नाशिक नाही, मुंबई नाही, थेट जपान!

त्याला कारण होतं. शिरपूर रस्त्याला, सुनंदाच्या शाळेच्या वाटेवर, एक जिनिंग मिल आहे. कापसाच्या हंगामात तिथे सातपुड्यातल्या पाड्यांवरून बायका कामाला येतात, लेकरं पाठीशी बांधून. आई कापूस ओढते आणि लेकरू तिथेच झोळीत, रुईच्या धुरळ्यात. त्यातल्या रेवाबाईचं तान्हं सारखं खोकायचं. "ताई, असंच चाललं तर मी पोराला घेऊन गावाला परत जाते. मजुरी बुडाली तर बुडाली," असं ती सुनंदाला म्हणाली. सुनंदा त्या रात्री जेवली नाही.

मिलच्या आवारात एक खोली कित्येक वर्षं कुलूप लावून पडली होती. तिथे या लेकरांसाठी पाळणाघर करायचं तिने मनावर घेतलं. मिलचे मालक वसंतशेठ माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे एकच उत्तर, "बघू." दिवाळीला बघू, संक्रांतीला बघू! शेवटी सुनंदा म्हणाली, "आपण कार्यक्रम करू. तिकिटांतून लेकरं सांभाळणारी बाई ठेवता येईल, आणि शेठना करू प्रमुख पाहुणे. चारचौघांत माईकवर 'बघू' म्हणून दाखवावं त्यांनी!"

"पण त्यात जपानी कशाला?" मी विचारलं.

"पोटासाठी घर सोडणाऱ्या बायका काय फक्त सातपुड्यातच आहेत? अख्ख्या आशियात आहेत. त्यांच्या त्यांच्या भाषेतली गाणी सगळ्या मिळून गाऊ."

झालं! आमच्या बैठकीच्या खोलीत कोरिया, नेपाळ, इंडोनेशिया नांदू लागले. माझ्या थोरल्या चुलतबहिणीला, लीलाअक्काला, सगळ्यात खालचा सूर दिला होता. अक्काचा जन्म खेड्यात गेलेला, बोलणं सगळं अहिराणीत.

"हाई काय शे माय? मना तोंडमा बसत नई," अक्का कागद नाकाशी धरून म्हणायची.

"अक्का, कोरियातलं आहे. भात लावताना म्हणतात."

"मंग भातच लावूत ना! गानं कसाले?"

माझ्याकडे गाणं नव्हतं. (मी एकदाच साथ द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारच्यांनी येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.) माझ्याकडे होते कूलर. मार्च लागला होता, सभागृहाचे पंखे नुसते फिरल्यासारखे करायचे. मी दुकानातले दोन मोठे कूलर नेऊन मागच्या खिडक्यांना लावले. नवीन गवत, नवे पंप, सगळं फुकट. इथपर्यंत माझं काम चोख होतं, आणि मी इथेच थांबायला हवं होतं.

पण आपल्या खान्देशात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देतात का? सुनंदा म्हणाली, "अहो, चहा-बिस्किटं ठेवू."

"जळगावहून तुझ्या मैत्रिणी येणार, शेठ येणार, आणि त्यांची चहावर बोळवण? शेवभाजी करू!"

"एवढ्या लोकांची? कोण करणार?"

"मी!"

सुनंदाने बिस्किटांचे पुडे तरीही मागवून ठेवले. (माझ्या शेवभाजीबद्दल दोन मतं आहेत. त्यातलं चांगलं मत माझं.)

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहाच्या मागे मला शेगडीसाठी एक झकास जागा सापडली. सावली होती, पाण्याचा नळ होता आणि वारा तर असा, एकाच दिशेने, संथ, न थांबता! बाकी सगळ्या धुळ्यात पान हलत नव्हतं. जन्मभर कूलर विकणाऱ्या माणसाने अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही, मी कढई चढवली.

आत दोन गाणी छान झाली. टाळ्या ऐकून मला हुरूप आला. कांदा भाजला, खोबरं भाजलं. मग सभागृह एकदम शांत झालं आणि जपानी अंगाई सुरू झाली. परक्या गावात दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या मुलीचं गाणं होतं ते, आणि सुनंदाने त्यावर महिनाभर मेहनत घेतली होती. मी भारावून कढईत लाल मिरच्या टाकल्या. चांगल्या पसाभर!

धूर निघाला. धूर म्हटला की तो वर जातो. हा गेला नाही. हा आडवा झाला, शिस्तीत, रांगेत, आणि समोरच्या खिडकीतल्या माझ्याच कूलरमध्ये शिरला.

आत पहिला ठसका अक्काला लागला. मग तिच्या शेजारणीला, मग पूर्ण मागच्या रांगेला. जपानी गाणं कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे लोकांना वाटलं हे गाण्यातलंच आहे. "काय बारकाईनं बसवलंय!" एक गृहस्थ म्हणाले, आणि पुढच्या ठसक्याला चक्क टाळ्या पडल्या! मग त्या गृहस्थांनाच ठसका लागला.

बाहेर मी कूलर बंद करायला धावलो. माझाच कूलर, माझ्याच दुकानातला! पण घाबरलेल्या माणसाचा हात आहे तो. मी बटण फिरवलं ते बंदकडे नाही, फुल्लकडे!

आता सभागृहात वादळ सुटलं. दारापाशी बसलेल्या मिलच्या बायका लेकरांना घेऊन पहिल्याच वासाला बाहेर पडल्या होत्या. रेवाबाई तान्ह्याला छातीशी धरून लांब उभी राहिली, तिने माझ्या हातातला झारा पाहिला, कढई पाहिली, कूलर पाहिला आणि ती हसत सुटली. त्या हंगामात मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मी वायर उपटली आणि बाजूच्या दाराने आत डोकावलो. अख्खं सभागृह रडत होतं. अक्का पदर तोंडाला लावून म्हणत होती, "मरी गऊ वं माय, मरी गऊ!" आणि माझी सुनंदा, डोळ्यांतून धारा लागलेल्या, घसा बसलेला, तरी एका हाताने ताल देत अंगाई शेवटापर्यंत नेत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की आधी कशाकडे बघावं ते कळेना.

गाणं संपलं. वसंतशेठ भाषणाला उभे राहिले. त्यांना बोलताच येईना. नाक लाल, डोळे लाल, रुमाल ओला! सुनंदाने माईक हातात घेतला.

"शेठ, या बायांच्या लेकरांसाठी ती रिकामी खोली देताय ना?"

शेठनी एक हात छातीवर ठेवला आणि जोरजोरात मान हलवली. खाली, वर, खाली, वर! टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या पत्रकाराने फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पेपरात शेठ रुमालासकट छापून आले आणि खाली मथळा होता, "मातांच्या व्यथेने उद्योजक गहिवरले."

त्याच सकाळी शेठचा फोन आला. मी उचलला.

"कूलरवाले, काल मी मान हलवली ती खोकला आवरायला. काय?"

समोर सुनंदा उभी होती, तिचा चेहरा बघवेना. रेवाबाईला आदल्या रात्रीच सांगून झालं होतं की थांब, जाऊ नको. आता तिला काय तोंड दाखवायचं?

"शेठ, पेपर बघितला का?" मी चाचरत विचारलं.

"बघितला ना! सकाळपासून फोन थांबत नाहीत. साडू म्हणतो, तुमच्यात एवढं काळीज आहे हे माहीतच नव्हतं. घरातून आज न मागता दुसरा चहा आला, कूलरवाले! लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी घडलं नाही."

"मग शेठ?"

"मग काय मग? आता कोणत्या तोंडाने नाही म्हणू? घ्या खोली. पण उद्घाटनाला तुम्ही शेगडीला हात लावायचा नाही!"

आठवड्याभरात उद्घाटन ठरलं. मिलच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. रेवाबाई तान्ह्याला घेऊन खोलीच्या दाराशीच उभी होती. मला शेवटच्या रांगेत, स्वयंपाकापासून सर्वात लांब, खुर्ची दिली होती. कुलूप गंजलेलं होतं, म्हणून शेठ पुढे तेलाची बाटली घेऊन किल्लीशी झटापट करत होते. तेवढ्या वेळात सुनंदा बोलायला उभी राहिली.

"या खोलीसाठी साऱ्या गावाने डोळ्यांतून पाणी काढलं," ती म्हणाली, "आणि ते काढणारा माणूस इतकी वर्षं मी घरात सांभाळते आहे."

टाळ्या! नुसता कडकडाट! शिट्ट्यासुद्धा! माझा ऊर भरून आला. मी उठलो, दोन्ही हात जोडले, डावीकडे नमस्कार केला, उजवीकडे केला, मागे भिंत होती तरी तिलाही केला. मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणाचंच तोंड नाही. पुढे कुलूप उघडलं होतं आणि रेवाबाई लेकराला घेऊन आत गेली होती.