परटाच्या दगडापासून चारशे बारा पावलं

धरा की तुमच्या डोक्यावर एक टोपली आहे. बांबूची, तोंडाशी दीड हात रुंद. तिच्यात ओला कडुलिंब दाबून भरलाय आणि पाल्यात मातीचा देव बसलाय : डोळे बटबटीत, तोंड उघडं, ओठांना लोणी. वजन सात-आठ शेर. पहिल्या गावाला ते जाणवत नाही. चौथ्या गावाला मानेची शीर दगडासारखी होते आणि वितळलेलं लोणी तुमच्या कपाळावर उतरतं. असं सात दिवस, सात गावं हिंडायचं. दारोदार टोपली उतरवायची, गाणी म्हणायची, सुपातली ज्वारी घ्यायची, बदल्यात लिंबाचा डहाळा आणि मूठभर कण्या द्यायच्या. शेतकरी त्या कण्या आंबिलीत कालवून पिकावर शिंपडतो. कीड पडत नाही म्हणतात. सातव्या दिवशी, भादव्याच्या पुनवेला, दिवेलागणीला टोपली नदीवर न्यायची. परटाच्या धुण्याच्या दगडावर देव ठेवायचा. मुसळाचा एक घाव घालायचा. आणि गावाकडं पळायचं.

मागं वळून बघायचं नाही. मरताना जोकुमार, म्हणजे हा मातीचा देव, ओरडतो, आणि जो वळून बघतो तो वर्ष काढत नाही, असं सांगतात. त्या वेळी गावात सगळी दारं बंद असतात. पुढं तीन दिवस त्या दगडाकडं कुणी फिरकत नाही, परीटसुद्धा नाही.

दगडापासून वेशीपर्यंत चारशे बारा पावलं आहेत. मांजरेवरच्या पुलाच्या मोजणीला गेलो तेव्हा मी ती मोजली. ती पावलं पळालेल्या बाईनं गावाचं नाव लिहू नको म्हणून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. तिचं नाव गुरुबाई. जातीनं कोळी. तिच्या घरचे पुरुष नदीवर हरगोल चालवायचे, म्हणजे चामड्यानं मढवलेली गोल नाव, आणि बायका जोकुमार मिरवायच्या. गुरुबाई नऊ वर्षांची असताना लग्न होऊन या घरात आली. बारा-तेराव्या वर्षी सासूनं तिच्या डोक्यावर टोपली ठेवली आणि म्हणाली, “मान सरळ ठेव. देव पडला तर तूबी त्याच्यासंगं पड.”

देव कधी पडला नाही. पोरं मात्र दोन गेली. एक मुलगी जगली. तिन्ही बाळंतपणं मदारबीनं केली.

मदारबी पिंजाऱ्याची विधवा आणि गावची सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. टोपलीसोबत तीन बायका लागतात. टोपली गुरुबाईची, सूप तिच्या जावेचं, सिद्धम्माचं. तिसरी बाई होती ती एका वर्षी तापानं गेली, आणि गाण्याला गळा हवा होता. मदारबी आपण होऊन उठून आली. मुसलमान बाई जोकुमाराबरोबर कशी, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “पोरांचाच देव हाय नव्हं? मंग माझ्याच धंद्यातला की रे!” घरोघर डहाळा आणि कण्या द्यायचं काम तिचं. गाणीही तीच रचायची. “सात दिसांचा पाहुणा, लोण्याबिगर ऱ्हाईना,” ही ओळ अजून त्या गावात म्हणतात.

या देवाची गोष्ट अशी. आधी गणपती येतो. मोदक खातो, आराम करतो आणि वर जाऊन शंकराला सांगतो, खाली सगळं बरं चाललंय. मग जोकुमार येतो. तो वांड, सात दिवसांत बायकांच्या मागं लागून गावाचा राग ओढवून घेतो. परीट त्याला दगडावर आपटून मारतो. मार खाऊन वर गेलेला जोकुमार सांगतो, खाली रान वाळलंय, माणसं उपाशी आहेत. तेव्हा शंकर पाऊस पाडतो. मार खाल्लेलाच खरं सांगतो, असं गुरुबाईची सासू म्हणायची.

ही गोष्ट घडली ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. रजाकारांच्या भीतीनं वर्षभर वेशी दिवस मावळायच्या आत बंद होत. आता हिंदुस्थानची फौज सोलापूरकडून निघालीय अशी वावडी होती. अष्टमीच्या सकाळी गुरप्पा कुंभाराकडून देव आणायला गुरुबाई निघाली, तेव्हा नवरा आडवा आला. त्याचं नाव सिद्धराम.

“यंदा कामून जायलीस?”

“न्हाई गेलं तर पाऊस कोण मागनार? तू?”

तो बाजूला झाला.

नवमीपासून फेरी सुरू झाली. पहिला दिवस गावातच गेला. दुसऱ्या गावात तिघी लिंगराज नावाच्या आडत्याच्या दारी बसल्या. लिंगराज गळ्यात लिंग बांधणारा, बसवण्णाचं नाव घेणारा. मातीच्या देवाला तो हात जोडत नसे. टोपली उतरली की भिंतीकडं तोंड करून बसे. त्याची बायको शरणम्मा, पोटी पोर नव्हतं. पोर व्हावं म्हणून तिनं देवाच्या ओठावरचं लोणी बोटानं घेऊन आपल्या ओठाला लावलं.

“अण्णा,” मदारबी लिंगराजला म्हणाली, “देवाकडं पाठ केली तर चालतंय. बायकूकडं केली तर देव तरी काय करनार?”

शरणम्मा पदर तोंडाला लावून हसली. लिंगराजची पाठ हसताना हलली, पण तो वळला नाही.

तिसऱ्या दिवशी डोक्यावरून विमानं बीदरकडं गेली. शेतातल्या बायका तुरीत आडव्या झाल्या. या तिघी बांधावर उभ्याच राहिल्या, कारण टोपली जमिनीवर आडवी करायची नसते. चौथ्या गावात वेस उघडली नाही. भिंतीवरून दोरीला बांधून सूप खाली आलं, आणि डहाळा त्याच दोरीनं वर गेला. पाचव्या दिवशी हुमनाबादच्या सडकेच्या अंगानं दिवसभर घुमल्यासारखा आवाज येत राहिला. ढग नव्हते.

सहाव्या दिवशी राज्य बदलल्याचं कळलं. त्या गावात लोक रस्त्यावर होते, गुलाल होता आणि गावाच्या एका कडेला धूर होता. ओळखीच्या घरी टोपली उतरली. दरवर्षी ओंजळभर ज्वारी घालणाऱ्या तिथल्या म्हातारीनं सूप भरून आणलं. मग दुसरं आणलं.

“यंदा हात लई सैल सुटला, काकू,” सिद्धम्मा म्हणाली.

“पिंजारवाड्यातली हाय,” म्हातारी सहज म्हणाली. “कालच्यान समदेच भरून आनायलेत. त्या मान्सांस्नी आता काय करायची?”

मदारबी शेजारीच उभी होती. म्हातारीनं तिला ओळखलं नाही, किंवा जोकुमाराची बाई म्हणूनच ओळखलं. रीत अशी की ज्वारी घेतली की डहाळा द्यावाच लागतो. मदारबीनं टोपलीतून डहाळा मोडला, त्यावर कण्या ठेवल्या आणि म्हातारीच्या हातात दिल्या. “तुझं रान पिकू दे,” असं म्हणायचं असतं. तेही ती म्हणाली.

गावाबाहेर आल्यावर गुरुबाईनं ती ज्वारी ओढ्यात ओतली. मदारबी म्हणाली, “सांडू नक्को गे. ज्वारीनं काय केलंय?”

सातव्या दिवशी दुपारी, स्वतःच्या गावाच्या अलीकडं पांदीत, त्यांना जगदेवप्पा भेटला. पाटलाचा धाकटा भाऊ. तो त्यांची वाट बघत उभा होता.

“मावशी, गावात पाय ठेवू नगा,” तो मदारबीला म्हणाला. “भाइरचे लोक येऊन तुमचं घर इचारून गेलेत. गावातलेबी हायेत त्यांच्यात.”

“पायाळू आला हुतास तू,” मदारबी म्हणाली. “दोन दिवस तुझी आय वरडत हुती. आजबी उलटीच वाट दावायलास व्हय रे?”

जगदेवप्पानं नावं सांगायला तोंड उघडलं.

“गावातले कोन कोन, ते सांगू नक्को,” ती म्हणाली. “नाळ मीच कापल्याती. नावं ठावं हायेत मला.”

मदारबीची लेक जनवाड्याला दिलेली होती. तिकडं जायचं तर नदी ओलांडायला हवी, आणि घाटावर माणसं उभी होती. मग गुरुबाईला सुचलं. नदीकाठी आज संध्याकाळी एकच जागा अशी होती की जिथं एकही माणूस येणार नाही. सगळी दारं बंद असतील. कुणी फटीतूनसुद्धा बघणार नाही. सिद्धराम हरगोल घेऊन पलीकडच्या काठाला होता. चांद कासराभर वर आला की त्यानं परटाच्या दगडाला यावं आणि मदारबीला पार न्यावं, असा निरोप जगदेवप्पानं पोचवायचा. त्यानं तो पोचवला. एवढं त्यानं केलं, असं गुरुबाई दोनदा म्हणाली.

दिवेलागणीला तिघी गाणी म्हणत गावाच्या कडेनं नदीवर गेल्या. दारं एकामागं एक लागल्याचा आवाज येत होता. दगडामागं कमरेएवढा खड्डा होता. त्यात मदारबी बसली. गुरुबाईनं टोपलीतला सगळा पाला तिच्यावर पसरला आणि देव दगडावर ठेवला.

“जा बाबा,” मदारबी पाल्यातून देवाला म्हणाली. “गनपती काय खरं सांगत न्हाई. तू सांग वर, हितं काय चाललंय ते.”

गुरुबाईनं मुसळ घातलं. देवाचे तीन तुकडे झाले.

“मावशी, हालू नगा.”

“तू पळ. वळू नक्को.”

दरवर्षी बायका या वाटेनं मोठमोठ्यानं बोंबलत पळतात. त्या दिवशी दोघींच्याही तोंडातून आवाज निघेना. नुसती पावलं वाजत होती. निम्म्या वाटेवर एक बाभळ आहे. दगडापासून एकशे नव्वद पावलांवर. तिथं त्या आल्या आणि मागून ओरडणं ऐकू आलं. एकदाच. लांब. त्यात शब्द नव्हता.

सिद्धम्मानं गुरुबाईचा हात आवळला. “वरडला त्यो! पळ, अक्का, पळ!”

गुरुबाई पळाली. वेशीच्या आत आल्यावर दारं उघडली, लोकांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. तिघी गेल्या होत्या, दोघी आल्या. कुणी काही विचारलं नाही.

सिद्धराम त्या रात्री आला नाही. पलीकडच्या घाटावर जमावानं त्याची हरगोल घेतली आणि त्याला झाडाला बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुटून घरी आला, ऐकलं, आणि तसाच दगडाकडं निघाला.

“मीच आडवी पडले,” गुरुबाईनं मला सांगितलं. “उंबऱ्यात. म्हनलं, तीन दीस व्हायचेत. तू मेलास तर म्या काय करू? त्यो मला वलांडून जायना. आन् म्या उठंना.”

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा नदी दगडावरून वाहत होती. महिन्यानं सिद्धराम जनवाड्याला जाऊन आला. मदारबीच्या लेकीच्या घराला कुलूप होतं. एकानं सांगितलं, ती माणसं बीदरला गेली. दुसऱ्यानं सांगितलं, हैदराबादेला. तिसऱ्यानं दार लावून घेतलं.

त्यानंतर गुरुबाईनं अठरा वर्षं टोपली वाहिली. गुडघे गेल्यावरच सोडली. पण पुनवेला घाव घातल्यावर ती कधी पळाली नाही. सिद्धम्मा आणि नवी पोरगी बोंबलत पुढं जायच्या. ती मागं, एकटी, तोंड मिटून, चालत यायची. बाभळीपाशी थांबायची. वळून बघायची नाही, ती रीत तिनं मोडली नाही. फक्त ऐकायची.

“आला का कधी आवाज?” मी विचारलं.

“अठरा वर्सांत एकदाबी न्हाई.”

पुलाचा दुसरा खांब परटाच्या दगडाच्या जागी येतो. पायासाठी आम्ही खोदायला लागलो तेव्हापासून ती रोज सकाळी येऊन कडेला बसायची आणि दिवस मावळला की विचारायची, “काय निघालं का, अण्णा?” मजूर तिची चेष्टा करायचे. “काय गं म्हातारे, हंडा पुरलाय व्हय? अर्धा आमचा!” ती हसायची नाही, रागवायची पण नाही. मग एकदा मी तिच्याजवळ बसलो आणि तिनं हे सगळं सांगितलं.

खड्डा बारा फूट लांब, आठ फूट रुंद. वर वाळू, मग काळी चिकण माती, अकरा फुटांवर मुरूम. मातीच्या प्रत्येक थरात मी स्वतः उतरून बघितलं. खापरं निघाली, बरीच. दरवर्षीच्या देवांची असावीत. बाकी काही नाही. नदीला तेव्हापासून किती पूर येऊन गेले असतील, त्या पुरांपुढं एवढासा खड्डा काय सांगणार, हे मला कळत होतं. तिला ते कसं सांगावं, हे कळत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणालो, की उद्या पाया भरणार.

तिनं वाकून खड्ड्यात बघितलं. मग काठी टेकून उठली.

“काय निघालं न्हाई म्हंजी मदारबी पार गेली,” ती म्हणाली, “असं धरायचं का, अण्णा?”