गंजातलं दूध

रॅपमध्ये मुख्य आवाजाच्या मागे चार-पाच पोरांचा गलका लागतो. ओळीचा शेवटचा शब्द सगळे मिळून उचलतात, म्हणजे ओळीला जोर येतो. माझ्या गाण्यांत तो गलका मीच आहे. अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत आधी पंखा बंद करायचा, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. मग डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि आवाज बदलून बदलून तोच शब्द पुन्हा म्हणायचा. मे महिन्यात घामाने निथळत स्वतःच स्वतःला दाद द्यायची, इतकं केविलवाणं काम मी दुसरं केलेलं नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, याच्यामागे केवढी गँग आहे! ही गँग दिवसा मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड लावते.

मी वऱ्हाडीत रॅप करतो. त्यात बाणा वगैरे काही नाही, मले-तुले सोडून मला यमकच सुचत नाही. पण वऱ्हाडी म्हटलं की लोकांना हसायचं असतं, आणि सगळ्यांत आधी हसतात ती आपलीच माणसं. मीही आधी हसवणारीच गाणी केली. दर्यापूरच्या खच्चून भरलेल्या जीपवर केलं, लग्नात रुसणाऱ्या जावयावर केलं. बरं चाललं होतं.

मग माय गेली. अकोल्याच्या घरी, भरदुपारी. बाबा बाजारातून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि ओट्यावर तिने तापवून ठेवलेलं दूध गंजात तसंच होतं. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. त्या दुधावर मी गाणं केलं:

गंजात दूध तसंच राह्यलं, साय बी नाई मोडली
माय, न सांगता काहून तुनं साथ सोडली

ते पहिल्यांदा अकोल्यातच एका कॉलेजच्या कार्यक्रमात म्हटलं. पहिल्या ओळीला पोरं गप्प होती. ‘काहून’ला मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसत सुटलं. मी गाणं अर्धवट सोडलं नाही. खाली उतरल्यावर आयोजकाने पाठ थोपटली आणि म्हणाला, मायवर इतकी भारी कॉमेडी आजवर कोणी केली नव्हती. घर तिथून जवळ होतं, पण मी तसाच अमरावतीच्या बसमध्ये बसलो. आपण मायचं हसं करून आलो, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पुण्याचा एक जण माझ्या गाण्यांचं मिक्सिंग करून देतो. आम्ही कधी भेटलेलो नाही. त्याने हे गाणं ऐकून फोनवर अगदी गंभीरपणे विचारलं, दुधाला गंज कसा चढेल? एरवी मी त्याची यथेच्छ टर उडवली असती. त्या दिवशी मात्र मुकाट्याने गोधडीत शिरलो आणि शब्द बदलून टाकले. गंजाचं पातेलं झालं, मायची आई झाली, काहूनचं ‘का गं’ झालं.

कोणीही हसलं नाही. माझं सगळ्यांत जास्त ऐकलं गेलेलं गाणं तेच. कुठल्या कुठल्या गावांहून लोकांनी लिहिलं की रडू आलं. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बोलायला मात्र खोलीत कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्यांचं रडणं नकोच होतं. एकाच माणसाने त्यात मायला ओळखावं, एवढीच इच्छा होती.

तो माणूस म्हणजे बाबा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आधीच कमी बोलणारे, माय गेल्यापासून त्याहून कमी. पुढच्या सुट्टीत अकोल्याला गेलो आणि त्यांच्या हातात मोबाईल दिला. त्यांनी तो कानाला लावून गाणं पूर्ण ऐकलं.

‘‘चांगलं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘कोनाची माय हाय हे?’’

मला संताप आला. ‘तुमची बायको’ असं अगदी जिभेवर आलं होतं. पण चूक त्यांची नव्हती. त्या गाण्यातली बाई आमच्या घरात कधी राहिलीच नव्हती. म्हणून मी त्यांच्यासमोर बसलो आणि शब्द बदलण्याआधीच्या त्या दोन ओळी म्हटल्या. मागे ना बीट, ना गलका. म्हणताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हे हसले तर आपण पुन्हा गाणार नाही, हे माझं ठरलं होतं.

ते हसले नाहीत. मी गाणं म्हणतोय हेही बहुतेक त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी त्यांनाच विचारलंय असं समजून त्यांनी जरा विचार केला आणि उत्तर दिलं.

‘‘मले बी नाई सांगतलं तिनं.’’